बिनविरोध

लाज वाटली की माणसं मान खाली घालतात. त्याला ती सोय नव्हती. तो इतका उंच होता की त्याने मान खाली घातली की त्याचा चेहरा बरोबर आपल्यासमोर यायचा, आणि त्यावर जे काही असेल ते सगळं दिसायचं. मुडपलेले ओठ, वरच्या ओठावरचा घाम, आणि डोळे कुठे ठेवावेत हे न कळलेली नजर. परीक्षेत मागच्या बाकावरचा मुलगा कॉपी करताना पकडला गेला, तर पकडला तो आणि घाम फुटला ह्याला. कँटीनमध्ये आधी आलेल्यांना सोडून मावशींनी ह्याच्या हातात वडापाव दिला, तर हा तो वडापाव घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा.

"मला ना, कसंनुसं होतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शाबासकी मिळाली तरी कसंनुसं, बोलणी बसली तरी कसंनुसं. त्याचं खरं नाव प्रशांत. पण कर्जतहून येणारी आमची अख्खी बस त्याला 'बिनविरोध' म्हणायची. ते नाव मीच ठेवलं होतं, आणि प्रेमाने ठेवलं नव्हतं.

खालापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं विद्यापीठ होतं. खासगी, नवं, मोठमोठ्या काचांचं. तिथे शिकणाऱ्यांचे दोन भाग होते. एक, हॉस्टेलवर राहणारे. ते दूरदूरच्या शहरांतून आलेले, आपसात हिंदी-इंग्रजीत बोलायचे आणि संध्याकाळी मैदानावर खेळायचे. दुसरे आम्ही, कर्जत, चौक, खालापूरकडून रोज ये-जा करणारे. आमची संध्याकाळ बसच्या वेळेवर चालायची. विद्यार्थी परिषदेत ये-जा करणाऱ्यांसाठी एक जागा राखलेली होती. तिच्यासाठी दरवर्षी कोणी तरी उभं राहायचं, कोणी तरी निवडून यायचं, आणि पुढे त्याचं काय झालं हे कोणालाच माहीत नसायचं.

आमची बस पाचला सुटायची आणि सायन्सची प्रॅक्टिकल्स त्यानंतर संपायची. प्रॅक्टिकल पुरं करणाऱ्यांनी मग डोंगराच्या रस्त्याने चालत हायवेपर्यंत यायचं, मिळेल त्या रिक्षाने चौक गाठायचं, तिथून पुढे कर्जतची रिक्षा शोधायची. मुलं यायची. मुली अर्धं प्रॅक्टिकल टाकून बस पकडायच्या. पहिल्या वर्षाची एक मुलगी एकदा मागे राहिली. फार्महाउसकडे जाणारी एक गाडी तिच्या चालीने तिच्या मागे मागे येत राहिली. ती धावत सुटली आणि रस्त्याकडेच्या पोल्ट्रीत शिरून तिथल्या बाईच्या अंगावर जाऊन पडली. तिला काही झालं नाही, असं सगळे म्हणाले. पण ती परत आलीच नाही. घरच्यांनी नाव काढून घेतलं. तेव्हा मी त्या जागेसाठी उभं राहायचं ठरवलं. मागणी एकच होती, प्रॅक्टिकल सुटल्यावर आणखी एक बस.

यात एक अडचण होती आणि ती मला उभी राहण्याआधीपासून माहीत होती. विद्यापीठाच्या बसगाड्यांचा ठेका चौकच्या आप्पांकडे होता, आणि माझ्या बाबांची मिनीबस त्याच ठेक्यात लागलेली होती. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा आप्पांनीच त्यांना हे काम दिलं होतं. आप्पा म्हणजे प्रशांतचे सख्खे चुलते. वडील लवकर गेल्यामुळे तो त्यांच्याच घरात वाढला होता.

मी उभी राहिले हे कळल्यावर आप्पांनी प्रशांतला उभं केलं. त्या जागेसाठी आम्ही दोघंच होतो. "आपल्या घरातला माणूस आत पायजे," एवढंच ते म्हणाले होते, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. त्याने कसला प्रचार केला! मत मागायला तो एखाद्याजवळ जायचा, बराच वेळ उभा राहायचा आणि शेवटी पेन मागून परत यायचा. त्याच्या खिशात त्या आठवड्यात दुसऱ्यांचीच पेनं होती. एक दिवस लॅबमध्ये तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"ऐक ना. मला मत दे."

"अरे, मी तुझ्या विरुद्ध उभी आहे."

"म्हाईत हाय गं. पण सगळ्यांना इचारलं आन तुला एकटीलाच नाय इचारलं, ते बरं दिसत नाय."

मी हसले. तोही हसला, मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "मी तुलाच देणार हाय. फक्त आमच्या घरी कळू देऊ नको."

उमेदवारांची भाषणं झाली त्या दिवशी मी पाठ करून आलेलं सगळं बोलले. त्या पहिल्या वर्षाच्या मुलीचं नाव न घेता तिची हकिगतही सांगितली. मग तो उठला. माइक त्याच्या छातीपर्यंतच येत होता, तो वर करायचं त्याला सुचलं नाही, म्हणून वाकला. "माझं नाव प्रशांत. मला उभं राहायला सांगितलंय म्हणून मी उभा हाय," तो म्हणाला. हशा पिकला. तो तसाच वाकून थांबला आणि हसू ओसरल्यावर म्हणाला, "बसचं रूपाली बोलली ते खरं हाय. बस आमच्याच हायत. मला म्हाईत हाय." आणि जाऊन बसला. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. माझी पोस्टरं रंगवणारी मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "तू जिंकलीस गं."

त्या टाळ्या चौकपर्यंत ऐकू गेल्या असणार. रविवारी सकाळी आप्पा कर्जतजवळ भिसेगावात आमच्या घरी आले.

आप्पा आवाज चढवणारे नव्हते. आईच्या चहाचं त्यांनी कौतुक केलं. माझ्या मार्कांची चौकशी केली. मग बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय तुमची, गणपत. बोलते बी झ्याक. आता गाडी आपली, पोरगी आपली, आन आपलीच पोरगी आपल्याच गाडीबद्दल चारचौघांत बोलते. लोकांना ते कसं दिसतंय? मला काय नाय त्याचं. पण बघा तुमी." एवढं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. ते होते तेवढा वेळ आमच्याच घरात बाबा उभे होते.

आप्पा गेल्यावर बाबा बस धुवायला बाहेर गेले. ती आदल्या दिवशीच धुतलेली होती. मी मागोमाग गेले.

"बाबा, काय करू मी?"

"तुला वाटेल ते कर गं. माझं काय नाय," ते चाकाकडे बघत म्हणाले, आणि तेच चाक घासत राहिले. मी बराच वेळ तिथे उभी होते. त्यांनी दुसऱ्या चाकाला हात लावला नाही.

सोमवारी मी अर्ज मागे घेतला. विद्यार्थी कल्याण विभागाच्या मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, अभ्यास. "शहाणी मुलगी आहेस," त्या म्हणाल्या. माझी पोस्टरं रंगवणारी मैत्रीण बाहेरच उभी होती. तिच्या नखांत अजून निळा रंग होता. तिने विचारलं, "काय मिळालं गं तुला?" खरं सांगायचं तर बाबांना सगळ्यांसमोर उघडं पाडावं लागलं असतं. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणाऱ्या माणसाने काही तरी घेतलेलंच असतं, असं सगळे धरून चालले.

त्याच संध्याकाळी परतीच्या बसवर बाबा होते. मी नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी. चौकच्या नाक्यावर गाडी थांबवावी लागली. रस्त्यात ताशा वाजत होता. प्रशांतच्या फोटोचा बॅनर बांधला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत 'बिनविरोध निवड'. विद्यापीठातल्या एका जागेसाठी ग्रामपंचायत जिंकल्यासारखा गुलाल उधळला जात होता. आप्पांच्या माणसांनी बस ओळखली आणि दोन मुठी गुलाल आमच्या काचेवर मारला. आप्पा स्वतः ड्रायव्हरच्या खिडकीशी आले आणि त्यांनी बाबांच्या तोंडात पेढा घातला. "अभिनंदन आप्पा," बाबा भरल्या तोंडाने म्हणाले आणि हसले. बाबांचं ते हसणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा कधी पाहू नये असं मला वाटलं.

गर्दीच्या मधोमध प्रशांत हारांत बुडालेला उभा होता. पोलिसांनी फोटो काढायला उभा केलेला माणूस दिसतो तसा. मला पाहून तो वाट काढत माझ्या खिडकीशी आला. "तू मागं का गं घेतलंस?" त्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी समोर बघत राहिले. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा स्टिअरिंगकडे बघत होते. मग त्याने वळून आप्पांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलत गेला. गाडी सुटली. बाबांनी काच साफ करायला पाणी मारून वायपर लावला, तसा सगळा गुलाल पसरून समोरचा रस्ताच दिसेनासा झाला.

दिवेलागणीला तो मोटारसायकलवरून आमच्या घरी आला. हार काढून टाकले होते, पण भुवयांत गुलाल तसाच होता. आई म्हणाली, "आत ये ना रे." "नाय काकी, कसंनुसं होतंय," म्हणून तो पायरीखालीच थांबला. बाबा बाहेर आले.

"काका, मला खरंच म्हाईत नव्हतं."

"काय म्हाईत नव्हतं? कायतरीच काय बोलतोस!" बाबा घाईघाईने म्हणाले. "तिनं आपणहून मागं घेतलं. अभ्यास हाय तिचा. आमाला आनंदच हाय. आप्पांना सांग, आनंदच हाय म्हणून."

तो वाकून पाया पडायला गेला, तर चटका बसल्यासारखे बाबा मागे सरकले. "नको नको, अरे, कोण बघंल," असं काहीसं ते पुटपुटले. प्रशांत अर्धवट वाकलेला तसाच राहिला. माफी मागायलासुद्धा मोठ्या घरचा माणूस आला, की लहान घराला भीतीच वाटते. हे त्या क्षणी त्याला कळलं आणि मलाही. तो सरळ झाला आणि गाडी चालू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे जाऊन म्हणाला, माझं नाव काढा. त्या म्हणाल्या, काढते, पण मग जागा वर्षभर रिकामी राहील. तिथून तो बसमध्ये माझ्याकडे आला. "तू सांग काय करू. तू सांगशील ते करतो." सगळी बस ऐकत होती. मी मोठ्याने म्हणाले, "मला कशाला विचारतोस? तू तर बिनविरोध आहेस." कोणी तरी हसलं. तेव्हापासून ते नाव त्याला चिकटलं. त्याने ते कधी झटकलं नाही. कोणी तशी हाक मारली की "हां" म्हणून वळून बघायचा.

परिषदेच्या पहिल्या बैठकीत त्याने संध्याकाळच्या बसचा विषय काढला. "ठेकेदार तुमचे काकाच ना? मग घरीच बैठक घ्या की," एक साहेब म्हणाले आणि सगळी खोली हसली. त्याने ते शब्दशः मनावर घेतलं. रात्रीच्या जेवणाला घरातले सगळे बसलेले असताना त्याने आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "गाडी हाय, पण डायवर कुठून आणू? तू चालवतोस?" त्यांनी चेष्टा केली होती. हा म्हणाला, "चालवतो."

लायसन्सचे सोपस्कार पुरे व्हायला वेळ लागला. तोवर तो रोज प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबायचा आणि आमच्याबरोबर हायवेपर्यंत चालत यायचा. बरोबर म्हणजे चांगला दहा पावलं पुढे. मुलींच्या घोळक्यात चालायला त्याला कसंनुसं व्हायचं. मोबाईलचा टॉर्च मागे धरून चालायचा, म्हणजे उजेड आमच्या पायांत पडावा. त्यामुळे स्वतः दोनदा गटारात गेला. आम्हाला रिक्षा मिळाली की पाठ फिरवून उभा राहायचा. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

मग तो खरंच बस चालवू लागला. ड्रायव्हरच्या सीटवर त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी वाट द्यायचा, टेंपोला, सायकलला, एकदा तर बदकांच्या रांगेला. त्यामुळे आम्ही घरी उशिराच पोचायचो. मुलगी आपल्या गल्लीत वळेपर्यंत गाडी हलवायचा नाही. परिषदेचा निवडून आलेला सदस्य विद्यापीठाची बस हाकतो, यावर हॉस्टेलवाले व्हिडिओ करून हसले. चौकच्या नाक्यावर मात्र आप्पांनाच लोक विचारू लागले, "काय आप्पा, मेंबर केला का डायवर केला पुतण्याला?" पोरगा आठ दिवसांत कंटाळेल असा आप्पांचा अंदाज होता. कंटाळले आप्पाच. पावसाळ्यापूर्वी त्यांनी त्या फेरीवर पगारी ड्रायव्हर ठेवला, आणि ती फेरी कायमची झाली.

माझ्या पोस्टरवरची मागणी अशी पुरी झाली. मी त्या बसमध्ये बसायचे तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला खिडकीबाहेर बघवत नसे. एकदा मी त्याला ते सांगितलं. इतक्या महिन्यांनी त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं धड वाक्य. "आम्ही हक्काने मागायला निघालो होतो," मी म्हणाले, "आणि मिळालं ते तुमच्या घराच्या अब्रूसाठी."

तो रागावेल असं वाटलं होतं. "मला बी तेच वाटतं," तो म्हणाला. "म्हणून तर चालवताना सारखं वाटायचं, कोण 'थँक्यू' नको म्हणू दे." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

पुढच्या वर्षी त्याने मला उभं राहा म्हणून खूप गळ घातली. माझ्याच्याने झालं नाही. बाबा तेव्हाही बस चालवत होते. मग तो दुसऱ्या वर्गांत फिरला. एक पोरगी आणि एक पोरगा तयार झाले, दोघांचेही आप्पांशी काही लागेबांधे नव्हते. मतदानाच्या दिवशी लेक्चर बुडवून तो हॉलच्या दाराशी बसून राहिला. "काय बघतोस?" मी विचारलं. "लोकं आत जातायत ते बघतोय," तो म्हणाला. कोण जिंकलं हे ऐकायलाही तो थांबला नव्हता.

शिक्षण संपलं. मी नोकरीसाठी पुण्याला गेले, तो रसायनीच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागला. बाबांनी गुडघ्यांमुळे मिनीबस विकली. प्रशांत अधूनमधून भिसेगावात येऊन आई-बाबांची विचारपूस करून जायचा. त्याची हाक ऐकली की बाबांना परसात काही तरी काम निघायचं. आई त्याच्याशी बोलायची, बाबा मागच्या दाराने बाहेर. असं कितीतरी वेळा झालं. त्याला ते कळत असणार, पण तो यायचा थांबला नाही.

गेल्या खेपेला त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. आप्पांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं दुसरा अर्ज पडलेला नव्हता. तो ह्याने भरला, आप्पांच्याच माणसाविरुद्ध. त्या घरातून त्याला निघावं लागलं. आईला घेऊन तो चौकमध्येच एका भाड्याच्या खोलीत राहिला. प्रचाराला तो घरोघर गेला, आणि या वेळी पेन मागून परत आला नाही. लोकांनी पाणी दिलं, सरबत दिलं, मत दिलं नाही. सपाटून पडला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा मी सुट्टीवर घरीच होते. बाबा ओट्यावर बसले होते. मी वाट बघत होते की आता उठतील आणि मागे जातील. ते उठले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसायला सांगितलं.

"पडलास म्हणं."

"पडलो, काका."

"आमचं नाव तुमच्या यादीत असतं तर तुला दिलं असतं मत." बाबा थांबले. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो. तिनं आपणहून नव्हतं घेतलं मागं. मी घ्यायला लावलं."

"तुमी नाय काका, ते आप्पांनी..."

"मीच. आप्पा नुसता चहा पिऊन गेला. भ्यालो मी."

इतक्या वर्षांत बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. आताही ते माझ्याशी बोलत नव्हते, त्याच्याशी बोलत होते. पण मी दारात उभी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात ते बोलले. प्रशांतने त्यांचा हात धरला. आणि बाबांनी हात सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने बाबा मागे न बघता म्हणाले, "रूपा, चहा टाक गं." मी आत गेले. पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाणी न घालताच उभी राहिले. बाबांना माझ्यासमोर रडायचं नव्हतं, आणि मला त्यांच्यासमोर.